एलिनॉर रूझवेल्ट

ॲना एलिनॉर रूझवेल्ट (जन्म : ११ ऑक्टोबर १८८४, न्यू यॉर्क, मृत्यू : ७ नोव्हेंबर १९६२, न्यू यॉर्क) या अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातील एक अग्रगण्य कार्यकर्त्या, लेखिका, शिक्षिका आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. अमेरिकेचे ३२ वे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांच्या त्या पत्नी. ४ मार्च १९३३ ते १२ एप्रिल १९४५ असा बारा वर्षांहून अधिक काळ त्या व्हाइट हाउसमध्ये होत्या. इतका दीर्घकाळ अन्य कोणत्याही राष्ट्राध्यक्षाची पत्नी तेथे राहिलेली नाही.

राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने कसे वागावे, याविषयी अमेरिकन समाजात रूढ असलेल्या कल्पना एलिनॉर यांच्या कारकिर्दीत मुळापासून हलल्या. त्या बदलाचे श्रेय त्यांना दिले जाते. परंतु तो घडवण्याच्या हेतूने त्या व्हाइट हाउसमध्ये आल्या नव्हत्या. किंबहुना तेथे येण्याचीच त्यांची इच्छा नव्हती.

बालपण आणि शिक्षण

एलिनॉर यांचा जन्म न्यू यॉर्कमधील एका सधन व प्रतिष्ठित घराण्यात झाला. वडील एलियट रूझवेल्ट हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचे धाकटे बंधू. आई ॲना हॉल त्या काळच्या उच्चभ्रू समाजात सौंदर्यासाठी प्रसिद्ध होत्या. मुलगी मात्र दिसायला साधी, अबोल आणि वयाच्या मानाने फार गंभीर होती. आई तिला आजीबाई म्हणून हाक मारी. पाहुण्यांसमोर उच्चारलेले ते नाव एलिनॉर यांच्या मनाला कायमचे लागले, असे त्यांच्या आत्मकथनावरून दिसते.

डिसेंबर १८९२ मध्ये घटसर्पाने आईचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्याच रोगाने एक धाकटा भाऊ गेला. मुलीवर जिवापाड माया करणारे वडील मद्याच्या आहारी गेले होते. ऑगस्ट १८९४ मध्ये त्यांचेही निधन झाले. वयाची दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच एलिनॉर पोरक्या झाल्या. उरलेल्या धाकट्या भावासह त्या आजोळी, आजी मेरी हॉल यांच्या करड्या शिस्तीत वाढल्या.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना लंडनजवळील ॲलन्सवुड या मुलींच्या शाळेत पाठवण्यात आले. तेथील फ्रेंच मुख्याध्यापिका मारी सूव्हेस्त्र स्वतंत्र विचारांच्या होत्या. ऐकलेले मत परत सांगणारी विद्यार्थिनी त्यांना आवडत नसे. मुलीने स्वतः विचार करून मत बनवावे आणि ते मांडावे, असा त्यांचा आग्रह असे. १८९९ ते १९०२ ही तीन वर्षे एलिनॉर यांनी पुढे आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाची मानली. या शिक्षिकेचे छायाचित्र त्यांनी अखेरपर्यंत जवळ बाळगले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीतील सेवाकेंद्रात मुलींना नृत्य व व्यायाम शिकवण्याचे काम पत्करले. त्या वस्तीतील दारिद्र्याचे दर्शन त्यांना प्रथमच घडले.

विवाह आणि संसार

१७ मार्च १९०५ रोजी एलिनॉर यांचा विवाह दूरच्या नात्यातील फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याशी झाला. कन्यादानाची भूमिका काका थिओडोर रूझवेल्ट यांनी पार पाडली. ते त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते आणि साहजिकच समारंभातील सर्वांचे लक्ष वधूवरांपेक्षा त्यांच्याकडेच अधिक राहिले. १९०६ ते १९१६ या काळात दांपत्यास सहा अपत्ये झाली. त्यांपैकी एक मुलगा तान्हेपणीच दगावला.

संसारावर सत्ता होती ती सासूबाई सारा डेलानो रूझवेल्ट यांची. १९०८ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमध्ये शेजारी शेजारी दोन घरे बांधून घेतली आणि त्यांच्या मधल्या भिंतीत दारे ठेवली. त्यामुळे सूनबाईंच्या घरात सासूबाई कधी प्रवेश करतील याचा नेम नसे. नोकरचाकर, मुलांचे संगोपन, घराची सजावट या सर्वच बाबतींत सारा यांचा शब्द अखेरचा असे.

१९१८ मध्ये पतीचे सामान लावताना एलिनॉर यांना काही पत्रे सापडली. त्यांच्याच माजी साहाय्यक सचिव ल्यूसी मर्सर यांचे फ्रँकलिन यांच्याशी प्रेमसंबंध असल्याचे त्यांतून उघड झाले. एलिनॉर यांनी घटस्फोटाची तयारी दर्शवली. मात्र घराणे, मुले आणि फ्रँकलिन यांचे राजकीय भवितव्य यांचा विचार होऊन विवाह टिकला. यानंतर हे नाते पतिपत्नीचे कमी आणि परस्परांचा आदर करणाऱ्या दोन सहकाऱ्यांचे अधिक झाले. स्वतःचे काम, स्वतःचे मित्र आणि स्वतःचे घर असावे ही एलिनॉर यांची ओढ याच काळापासून स्पष्ट दिसते.

सार्वजनिक जीवनात प्रवेश

ऑगस्ट १९२१ मध्ये फ्रँकलिन यांना पोलिओ होऊन त्यांचे पाय कायमचे अधू झाले. मुलाने राजकारण सोडून हाइड पार्क येथील घरी निवृत्त जीवन जगावे, असे सारा यांचे मत होते. एलिनॉर आणि फ्रँकलिन यांचे सल्लागार लुई हाउ यांनी याला विरोध केला. पतीचे नाव लोकांपुढे राहावे म्हणून एलिनॉर डेमोक्रॅटिक पक्षाच्या महिला विभागात काम करू लागल्या. बुजऱ्या स्वभावाच्या एलिनॉर यांना व्यासपीठावर बोलण्याची भीती वाटे. हाउ मागच्या रांगेत बसून त्यांचे भाषण ऐकत आणि नंतर त्यातील उणिवा दाखवून देत.

पतीसाठी सुरू केलेले हे काम लवकरच त्यांचे स्वतःचे झाले. महिला मतदार संघ, महिला कामगार संघ अशा संस्थांत त्या सक्रिय झाल्या. हाइड पार्कजवळ व्हॅल-किल येथे नॅन्सी कुक व मॅरियन डिकरमन या मैत्रिणींसह त्यांनी लहानसे घर बांधले आणि तेथे लाकडी सामानाचा कारखाना काढला. १९२७ मध्ये या मैत्रिणींच्या भागीदारीत त्यांनी न्यू यॉर्कमधील टॉडहंटर ही मुलींची शाळा विकत घेतली. एलिनॉर तेथे इतिहास व साहित्य शिकवत. १९२८ मध्ये फ्रँकलिन न्यू यॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले, तेव्हाही त्यांनी शिकवणे सोडले नाही. आठवड्याचे काही दिवस शाळेत आणि उरलेले दिवस राजधानी ऑल्बनीत, असा त्यांचा क्रम होता. शिकवण्याइतके समाधान त्यांना दुसऱ्या कोणत्याही कामात मिळाले नाही.

राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीकडून असलेल्या अपेक्षा

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीचा उल्लेखही नाही. तिला अधिकार नाहीत, वेतन नाही आणि कर्तव्येही नेमून दिलेली नाहीत. प्रत्यक्षात मात्र मार्था वॉशिंग्टन यांच्या काळापासून रूढीने ही भूमिका ठरत गेली होती. तिने उत्तम यजमानीण असावे, मेजवान्या व स्वागतसमारंभ नेटके पार पाडावेत, पोशाखात अभिरुची दाखवावी, एखाद्या निरुपद्रवी धर्मादाय कार्यास नाव द्यावे आणि राजकारणावर अवाक्षर काढू नये, अशी अपेक्षा असे.

या मर्यादा ओलांडणाऱ्या स्त्रियांना टीकेला तोंड द्यावे लागले होते. १९१९ मध्ये वुड्रो विल्सन अर्धांगवायूने आजारी पडल्यावर कागदपत्रे व भेटी स्वतःच्या नियंत्रणात ठेवल्याबद्दल एडिथ विल्सन यांच्यावर सत्ता बळकावल्याचा आरोप झाला. ग्रेस कूलिज यांना पतीने मुलाखती देण्यास मनाई केली होती. एलिनॉर यांच्या लगेच आधीच्या लू हूव्हर भूगर्भशास्त्राच्या पदवीधर होत्या आणि त्यांनी नभोवाणीवर भाषणेही केली होती. परंतु १९२९ मध्ये प्रतिनिधिगृहातील कृष्णवर्णीय सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांच्या पत्नीला चहापानास बोलावल्यावरून दक्षिणेकडील राज्यांत मोठे वादळ उठले. चहाच्या एका पेल्यावरून एवढे काहूर माजू शकते, हे ताजे उदाहरण एलिनॉर यांच्यासमोर होते.

एडिथ रूझवेल्ट या त्यांच्या काकूच. त्यामुळे व्हाइट हाउसमधील जीवन त्यांना ऐकीव नव्हते. ८ नोव्हेंबर १९३२ रोजी फ्रँकलिन यांची निवड झाली तेव्हा पतीच्या यशाचा त्यांना आनंद झाला, पण स्वतःच्या वाट्याला आता काय येणार, या विचाराने त्या खिन्न झाल्या. वृत्तसंस्थेच्या वार्ताहर लोरेना हिकॉक त्या काळात त्यांच्यासोबत असत व पुढे त्यांच्या निकटच्या मैत्रीण झाल्या. राष्ट्राध्यक्षाची पत्नी होण्याची आपल्याला कधीच इच्छा नव्हती, हे एलिनॉर यांनी हिकॉक यांच्याजवळ बोलून दाखवले होते.

निवडणूक ते पदग्रहण

निवडणूक आणि पदग्रहण यांमध्ये तेव्हा चार महिन्यांचे अंतर असे. या चार महिन्यांतच लोकांच्या अपेक्षा आणि एलिनॉर यांचे आयुष्य यांची पहिली टक्कर झाली. त्या एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने पुरस्कृत केलेल्या नभोवाणी कार्यक्रमात बोलत असत. दारूबंदीच्या काळात आजच्या तरुण मुलीला आपण किती मद्य पचवू शकतो हे लहान वयातच शिकावे लागते, अशा आशयाचे विधान त्यांनी एका भाषणात केले. मद्यपानाची भलामण केल्याचा आरोप दारूबंदीवाद्यांनी त्यांच्यावर केला. वडिलांना मद्यापायी गमावलेल्या आणि स्वतः मद्याविषयी मनात अढी बाळगणाऱ्या स्त्रीवर असा आरोप व्हावा, हा दैवदुर्विलासच होता.

होणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने पैसे घेऊन जाहिरातींच्या कार्यक्रमात बोलावे, हेही अनेकांना रुचले नाही. अखेर त्यांनी असे कार्यक्रम थांबवण्याचे जाहीर केले. बालसंगोपनावरील एका मासिकाचे संपादनही त्यांनी लवकरच सोडले. सर्वांत जड गेले ते टॉडहंटर शाळेतील अध्यापन सोडणे. व्हाइट हाउसमध्ये आपल्याला काही खरे काम असावे, या आशेने त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्रव्यवहाराचा काही भाग सांभाळण्याची तयारी पतीपाशी दर्शवली. फ्रँकलिन यांनी त्यास नकार दिला. ते काम त्यांच्या सचिव मिसी लहँड पाहत होत्या आणि त्यांना तो हस्तक्षेप वाटला असता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या या स्त्रीपुढे आता समारंभांखेरीज काही नेमून दिलेले काम नव्हते.

पदग्रहणाच्या सुमारास त्या हिकॉक यांना घेऊन वॉशिंग्टनमधील रॉक क्रीक दफनभूमीत गेल्या. तेथे इतिहासकार हेन्री ॲडम्स यांनी आत्महत्या केलेल्या आपल्या पत्नीच्या स्मरणार्थ उभारलेला, बुरखा पांघरलेल्या आकृतीचा पुतळा आहे. १९१८ च्या दुःखाच्या दिवसांत एलिनॉर याच पुतळ्यासमोर तासन् तास बसत असत.

व्हाइट हाउसमधील पहिले वर्ष

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन यांनी पदभार स्वीकारला तेव्हा देश महामंदीच्या खोल गर्तेत होता. कामगारांपैकी सुमारे एक चतुर्थांश बेकार होते आणि ठिकठिकाणच्या बँका बंद पडल्या होत्या. अशा वेळी नुसत्या मेजवान्यांचे यजमानपद करीत राहणे एलिनॉर यांना पटणारे नव्हते.

सुरुवात लहान गोष्टींपासून झाली. व्हाइट हाउसचा उद्वाहक चालवण्यासाठी सेवक असे; एलिनॉर स्वतःच तो चालवू लागल्या. खोल्यांतील सामान हलवायला त्यांनी स्वतः हात लावला. जुन्या कर्मचाऱ्यांना हे शिष्टाचाराला सोडून वाटले. गुप्त सेवेचे संरक्षक बरोबर घेण्यास त्यांनी नकार दिला आणि स्वतःची मोटार स्वतः चालवत राहिल्या. शेवटी गुप्त सेवेने त्यांना एक पिस्तूल दिले आणि त्यांनी ते चालवायला शिकून घेतले. मंदीच्या काळात काटकसरीचा आदर्श म्हणून माणशी साडेसात सेंट खर्चाचे जेवण व्हाइट हाउसच्या टेबलावर वाढण्यात आले. हेन्रिएटा नेस्बिट या त्यांनी नेमलेल्या गृहव्यवस्थापिकेच्या कारकिर्दीत तेथील अन्न बेचव म्हणून कुप्रसिद्ध झाले. उत्तम यजमानीण ही अपेक्षा या बाबतीत त्यांनी पूर्ण केली नाही, असे म्हणावे लागते. समारंभ मात्र त्यांनी टाळले नाहीत. शेकडो पाहुण्यांशी हस्तांदोलन करण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे निमूटपणे केले.

पदग्रहणानंतर दोनच दिवसांनी, ६ मार्च १९३३ रोजी त्यांनी पत्रकार परिषद घेतली. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने नियमित पत्रकार परिषदा घेण्याची ही पहिलीच वेळ होती. या परिषदांना फक्त महिला वार्ताहरांनाच प्रवेश असे. मंदीमुळे वृत्तपत्रांतील स्त्रियांच्या नोकऱ्या धोक्यात होत्या आणि महत्त्वाच्या बातम्या पुरुषांकडेच जात. ज्या वृत्तसंस्थेकडे वॉशिंग्टनमध्ये महिला वार्ताहर नव्हती, तिला या बातम्यांसाठी ती नेमावी लागली. आरंभी राजकीय प्रश्न वर्ज्य होते, त्यामुळे पुरुष पत्रकारांनी या परिषदांची टिंगल केली. एप्रिलमध्ये बिअरवरील बंदी उठताच व्हाइट हाउसमध्ये ती दिली जाणार, ही बातमी एलिनॉर यांच्याच परिषदेत प्रथम मिळाली आणि टिंगल थांबली. बारा वर्षांत त्यांनी अशा ३४८ परिषदा घेतल्या.

मे १९३३ मध्ये पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक आपल्या बोनसच्या मागणीसाठी पुन्हा वॉशिंग्टनजवळ जमले. आदल्या वर्षी हूव्हर यांच्या कारकिर्दीत अशा सैनिकांना लष्कर लावून हुसकावण्यात आले होते. लुई हाउ एलिनॉर यांना त्यांच्या छावणीवर घेऊन गेले आणि स्वतः मोटारीतच थांबले. एलिनॉर एकट्या चिखल तुडवत आत गेल्या, सैनिकांच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि त्यांच्याबरोबर गाणी म्हटली. एका राष्ट्राध्यक्षाने सैन्य पाठवले आणि दुसऱ्याने बायको पाठवली, ही तुलना त्यानंतर लोकांच्या तोंडी झाली.

त्याच वर्षी एका मासिकातून त्यांनी लोकांना आपल्याला पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. पहिल्या वर्षात सुमारे ३ लाख पत्रे आली. कोणाला नोकरी हवी होती, कोणाला बाळंतपणासाठी कपडे, कोणाला गहाण पडलेले शेत सोडवायचे होते. सचिव मॅल्विना टॉम्प्सन यांच्या मदतीने त्या ही पत्रे संबंधित खात्यांकडे पाठवत आणि निवडक पत्रे रात्री पतीच्या पलंगाजवळच्या टोपलीत ठेवत. राज्यघटनेने न दिलेले काम अशा रीतीने लोकांनीच त्यांना दिले.

सामाजिक कार्य

ऑगस्ट १९३३ मध्ये एलिनॉर यांनी वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणींच्या परिसरातील बेकार कुटुंबांची अवस्था पाहिली. त्यातून आर्थरडेल ही पुनर्वसन वसाहत उभी राहिली. घर, जमीन, शाळा आणि लघुउद्योग असे तिचे स्वरूप होते. खर्च अंदाजाबाहेर गेला, उद्योग टिकले नाहीत आणि काँग्रेसमध्ये कडाडून टीका झाली. वसाहतीतील रहिवाशांनी कृष्णवर्णीय कुटुंबांना प्रवेश नाकारला, याचे एलिनॉर यांना विशेष दुःख झाले. आर्थिकदृष्ट्या हा प्रकल्प अपयशी ठरला. तेथे घर मिळालेल्या कुटुंबांनी मात्र त्याला कधी अपयश मानले नाही.

मंदीच्या काळात नवरा नोकरीत असेल तर बायकोने नोकरी करू नये, हे मत सर्वत्र प्रबळ होते. १९३२ च्या एका कायद्यातील २१३ व्या कलमानुसार पतिपत्नी दोघेही केंद्र सरकारच्या सेवेत असल्यास कपातीच्या वेळी त्यांतील एकाला आधी कमी करावयाचे होते. प्रत्यक्षात बहुधा पत्नीचीच नोकरी जाई. एलिनॉर यांनी या कलमाला उघड विरोध केला. १९३७ मध्ये ते रद्द झाले. मात्र स्त्रीपुरुष समान हक्कांच्या प्रस्तावित घटनादुरुस्तीला त्यांचा दीर्घकाळ विरोध होता. तिच्यामुळे कामगार स्त्रियांना संरक्षण देणारे कायदे नष्ट होतील, अशी त्यांना भीती वाटे.

वर्णभेदाच्या प्रश्नावर त्या पतीच्या पुष्कळ पुढे होत्या. झुंडीकडून होणाऱ्या हत्यांविरोधी विधेयकाला राष्ट्राध्यक्षांनी पाठिंबा द्यावा, म्हणून १९३४ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय नेते वॉल्टर व्हाइट यांची त्यांच्याशी भेट घडवून आणली. दक्षिणेकडील सिनेटर दुखावले तर मंदीनिवारणाची विधेयके अडतील, या कारणास्तव फ्रँकलिन यांनी उघड पाठिंबा दिला नाही. विधेयक संमत झाले नाही. एलिनॉर यांच्या प्रभावाची सीमा येथे दिसते : त्या पतीपर्यंत प्रश्न नेऊ शकत होत्या, निर्णय घेऊ शकत नव्हत्या.

जेथे निर्णय स्वतःच्या हाती होता तेथे त्या कचरल्या नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथील परिषदेत पोलिसांनी गोऱ्या व काळ्या प्रतिनिधींना वेगवेगळे बसवले, तेव्हा त्यांनी आपली खुर्ची दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेत ठेवून घेतली. १९३९ मध्ये डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या संस्थेने कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना आपले सभागृह नाकारले. एलिनॉर यांनी त्या संस्थेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, अँडरसन यांचे गायन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर झाले आणि ते ऐकण्यास सुमारे ७५,००० लोक जमले. एलिनॉर स्वतः कार्यक्रमास उपस्थित नव्हत्या.

लेखन

१९३५ च्या अखेरीस त्यांनी 'माय डे' हे वृत्तपत्रीय सदर सुरू केले. आठवड्याचे सहा दिवस प्रसिद्ध होणाऱ्या या सदरात घरगुती प्रसंग, प्रवास, वाचन आणि सार्वजनिक प्रश्न असे सर्व विषय येत. पतीच्या निधनानंतरचे चार दिवस वगळता ते अनेक वर्षे अखंड चालले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी थांबले. 'धिस इज माय स्टोरी' (१९३७), 'धिस आय रिमेंबर' (१९४९) आणि 'ऑन माय ओन' (१९५८) हे त्यांच्या आत्मकथनाचे तीन भाग होत. सौंदर्य, शब्दकळा यांपेक्षा सरळपणा हा त्यांच्या लेखनाचा गुण आहे.

टीका

एलिनॉर जितक्या लोकप्रिय होत्या तितकीच त्यांच्यावर टीकाही झाली. त्या घरी नसतात, सदैव फिरतीवर असतात, लेखन व भाषणांतून पैसे कमावतात, असे आक्षेप घेतले जात. नभोवाणीचे मानधन त्या क्वेकर पंथीयांच्या सेवासंस्थेला देत असत, तरी टीका थांबली नाही. मुलांचे घटस्फोट झाले तेव्हा दोष आईला देण्यात आला. त्यांच्या दातांची, आवाजाची व पोशाखाची व्यंगचित्रे निघाली. १९४० च्या निवडणुकीत विरोधकांनी एलिनॉरही नको, अशा आशयाचे बिल्ले वाटले. उमेदवार नसलेल्या स्त्रीविरुद्ध प्रचार व्हावा, हे त्यांच्या सार्वजनिक स्थानाचेच गमक होते. केंद्रीय तपास संस्थेच्या त्यांच्यावरील संचिकेत सुमारे ३,००० पाने जमा झाली होती.

सप्टेंबर १९४१ मध्ये त्यांनी नागरी संरक्षण कार्यालयाच्या साहाय्यक संचालकपदाची बिनपगारी जबाबदारी घेतली. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने सरकारी पद स्वीकारण्याची ही पहिली वेळ. तेथे त्यांनी ओळखीच्या व्यक्तींच्या नेमणुका केल्या. त्यांत एका नर्तिकेचा समावेश होता. काँग्रेसने यावर झोड उठवली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. निवडून न आलेल्या व्यक्तीवर टीका झाली तरी तिला उत्तरदायी धरता येत नाही, हा आक्षेप सर्वस्वी गैरलागू नव्हता आणि पुढे त्यांनी स्वतःही असे पद पुन्हा घेतले नाही.

दुसरे महायुद्ध आणि वैधव्य

ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ मध्ये त्यांनी रेड क्रॉसच्या गणवेशात दक्षिण पॅसिफिकचा दौरा केला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि १७ बेटांवरील छावण्या व रुग्णालयांना त्यांनी भेटी दिल्या. ॲडमिरल हॉल्सी यांना ही भेट आरंभी निष्कारण डोकेदुखी वाटली होती. एलिनॉर रुग्णालयातील खाटेखाटेपाशी थांबतात, प्रत्येक जखमी सैनिकाचे नाव व घरचा पत्ता विचारतात, हे पाहून त्यांचे मत पार बदलले. त्यांचे स्वतःचे चारही मुलगे त्या वेळी सैन्यदलांत होते.

१२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे फ्रँकलिन यांचे निधन झाले. त्या वेळी ल्यूसी मर्सर तेथे होत्या, हे एलिनॉर यांना त्याच रात्री कळले. दुःखाबरोबर आलेले हे शल्य त्यांनी लोकांसमोर कधी दिसू दिले नाही. काही दिवसांतच त्यांनी व्हाइट हाउस सोडले.

त्यांच्यानंतर आलेल्या बेस ट्रुमन यांनी पत्रकार परिषदांची प्रथा लगेच बंद केली. अपेक्षांचे जुने चक्र पुन्हा पूर्वपदावर आल्यासारखे वाटले.

संयुक्त राष्ट्रांतील कार्य

डिसेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी एलिनॉर यांची संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील अमेरिकेच्या शिष्टमंडळावर नेमणूक केली. पतीच्या पदाशी संबंध नसलेले हे त्यांचे पहिले मोठे सरकारी काम. शिष्टमंडळातील काही पुरुष सहकाऱ्यांना ही निवड रुचली नव्हती. त्यांना सामाजिक व मानवी प्रश्नांची समिती देण्यात आली. ती फारशी महत्त्वाची नाही असा समज होता. युद्धामुळे विस्थापित झालेल्या निर्वासितांना बळजबरीने मायदेशी पाठवावे काय, या प्रश्नावर याच समितीत सोव्हिएत संघाशी जोरदार वाद झाला आणि एलिनॉर यांनी अमेरिकेची बाजू यशस्वीपणे मांडली.

मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा या नात्याने त्यांनी मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या मसुद्याचे काम तडीस नेले. भिन्न धर्म, तत्त्वज्ञाने आणि राज्यपद्धती यांच्या प्रतिनिधींना एका मजकुरावर आणणे अवघड होते. त्या सभासदांना घरी चहाला बोलावत आणि सभेत शाळेतील बाईंच्या शिस्तीने त्यांना रात्री उशिरापर्यंत कामाला बसवत. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ विरुद्ध शून्य मतांनी जाहीरनामा संमत झाला. ८ देश तटस्थ राहिले.

भारताशी संबंध

या आयोगात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. मुंबई प्रांताच्या विधिमंडळातील आणि भारताच्या संविधान सभेतील या सदस्येने जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील सर्व पुरुष असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्दप्रयोग बदलून त्या जागी सर्व मानव असा शब्दप्रयोग करण्याचा आग्रह धरला. जुन्या शब्दप्रयोगात स्त्रिया गृहीतच आहेत, असे आरंभी एलिनॉर यांना वाटत होते. अखेर मेहता यांचा शब्द राहिला.

ऑक्टोबर १९४९ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना हाइड पार्क येथे गेले होते. त्यांच्या निमंत्रणावरून १९५२ मध्ये एलिनॉर यांनी भारताचा प्रवास केला. या प्रवासाचे अनुभव त्यांनी 'इंडिया अँड द अवेकनिंग ईस्ट' (१९५३) या पुस्तकात लिहिले.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१९५३ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाल्यावर एलिनॉर संयुक्त राष्ट्रांतील पदावरून बाजूला झाल्या. लेखन व व्याख्याने चालूच राहिली. १९६१ मध्ये जॉन केनेडी यांनी स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांना दिले. आयोगाचा अहवाल पूर्ण होण्यापूर्वीच ७ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. हाइड पार्क येथील गुलाबांच्या बागेत पतीशेजारी त्यांचे दफन झाले. अंत्यविधीस केनेडी, ट्रुमन आणि आयझेनहॉवर हे आजीमाजी राष्ट्राध्यक्ष उपस्थित होते.

वारसा

१९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. पेनसिल्व्हेनियातील एका पुनर्वसन वसाहतीने एलिनॉर आणि रूझवेल्ट या दोन शब्दांच्या शेवटच्या अक्षरांवरून आपले नाव नॉर्व्हेल्ट असे ठेवले. व्हॅल-किल येथील घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीला सार्वजनिक काम असते, ही गोष्ट कायद्याने मान्य व्हायला आणखी काही दशके जावी लागली. १९७८ च्या एका कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या कर्तव्यात साहाय्य करणाऱ्या त्यांच्या जोडीदारासाठी सरकारी खर्चाने कर्मचारी देण्याची तरतूद झाली. वेतन आजही नाही. एलिनॉर यांच्यानंतर व्हाइट हाउसमध्ये आलेल्या प्रत्येक स्त्रीची तुलना त्यांच्याशी होत आली आहे. गप्प राहणाऱ्या स्त्रीला त्यांचे उदाहरण दाखवले जाते आणि बोलणाऱ्या स्त्रीला त्यांच्यावर झालेल्या टीकेची आठवण करून दिली जाते.